उताऱ्यात आहे तेवढंच

प्रकल्प: मनूची क्लॅट, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा. परीक्षा १ डिसेंबर २०२४, रविवार, दुपारी २ ते ४. परीक्षा देणार माझी भाची मनू, बारावी आर्ट्स, राधानगरी तालुका. नोंदी ठेवणार मी. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो, कायद्यातलं मला ओ की ठो कळत नाही. चुका शोधून त्यांची नोंद ठेवता येते, तेवढीच माझी पात्रता.

१६ जून, रविवार

ताईकडे आलोय. दाजींची बांधाची केस अकरा वर्षं चालू आहे आणि मनू सातवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर तारखेला जाते. फाइल तीच सांभाळते. वकीलसाहेबांनी कागद मागितला की दाजी खिसे चाचपत असतात, तोवर हिनं काढून दिलेला असतो. त्यामुळे "मला वकिली करायचीय" म्हटल्यावर घरात कुणी दचकलं नाही. दचकलो ते परीक्षा फक्त इंग्रजीतून असते हे कळल्यावर. दहावीपर्यंत मनू मराठी माध्यमात.

कागदावर प्रकरण असं आहे: १२० प्रश्न, १२० मिनिटं. बरोबरला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, लीगल रीझनिंग, लॉजिकल रीझनिंग आणि दहा-चौदा प्रश्न गणिताचे. आधी १५० प्रश्न होते, मागच्या डिसेंबरपासून १२० झाले. सगळं उताऱ्यांवर. साडेचारशे शब्दांपर्यंत उतारा आणि खाली पाच-सहा प्रश्न. कायदा आधी शिकलेला असण्याची गरज नाही, असं परीक्षा घेणारेच सांगतात. हे वाचून मला हायसं वाटलं होतं, याचीही नोंद असावी.

यातून राज्यातली तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं समोर दिसतात: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. महाराष्ट्रातल्या मुलांसाठी तिथं वेगळ्या जागा आहेत. नाहीच जमलं तर राज्याची पाच वर्षांच्या एलएलबीची सीईटी आहेच. ती मराठीतूनही देता येते, निगेटिव्ह मार्किंग नाही. मनूनं हा दुसरा पर्याय वहीत लिहूच दिला नाही. मी माझ्या वहीत लिहिला.

२३ जून, रविवार

पहिली मॉक, म्हणजे सराव परीक्षा. परीक्षेच्याच वेळेला, दुपारी दोनला, माळ्यावर. मी फोनवर घड्याळ लावून पुण्यात बसलो.

सोडवले ८८, बरोबर ४१, चूक ४७. गुण २९.२५.

वाचनाचा वेग मोजला: मिनिटाला ९५ शब्द. वीस उतारे धरले तर नऊ हजार शब्द, म्हणजे नुसत्या वाचनातच ९५ मिनिटं गेली. उरलेल्या २५ मिनिटांत १२० प्रश्न. देवालासुद्धा जमणार नाही.

माझं निदान: इंग्रजी शब्द कमी पडतात. उपाय: रोज ४० शब्द, दीड हजारांची यादी. उद्यापासून सुरू.

आणखी एक. ताई म्हणाली, "दोन वाजता पोरगी पेंगत होती." रविवार, म्हणजे मटण. तांबडा-पांढरा ओरपून कुणाला उतारे वाचवतील? पुढच्या रविवारपासून मटण रात्री. दाजींनी हे फारसं मनावर घेतलेलं दिसत नाही.

१ जुलै, सोमवार

आजपासून भारतीय न्याय संहिता लागू. ३५८ कलमं, जुन्या भारतीय दंड संहितेत (आयपीसी) ५११ होती. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८. मागच्याच आठवड्यात मी अप्पा बळवंत चौकातून जुनं गाइड निम्म्या किमतीत घेऊन मनूला पाठवलं होतं. सगळं आयपीसीवर. तिचा मेसेज: "मामा, तुझं पुस्तक आजपासून इतिहासाचं."

१५ जुलै, सोमवार

फॉर्म सुटले. फी चार हजार. एका ऑनलाइन क्लासचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि मॉकचा संच आधीच घेतला होता, त्याचे साडेआठ हजार गेले ते वेगळे. केंद्र पुणे निवडलं, राहायला मी आहे.

शब्दांची यादी: ६४०. माळ्याच्या भिंतीवर चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. ताई म्हणते, लग्नाचं घर वाटतंय.

२१ जुलै, रविवार

सोडवले ९६, बरोबर ४६, चूक ५०. गुण ३३.५०.

महिनाभरात जेमतेम सव्वाचार गुण. शब्द साडेसातशे पाठ, तरी ही गत. संध्याकाळी फोनवर एकेक चुकीचा प्रश्न घेऊन बसलो. ऑफिसात एखादा बग आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, कुठून आला? चार आठवडे हे विचारायचं मी विसरलो होतो. औषध आधी, तपासणी नंतर.

प्रत्येक चुकीला मनूनं स्वतः कारण द्यायचं, मी फक्त लिहायचं. रात्री साडेअकराला हिशेब असा निघाला:

शब्द अडला: ७
घाईत "नाही" वाचलंच नाही: ४
अंदाज मारला: ११
निकाल बरोबर, कारण चुकीचं निवडलं: ९
पदरचं घातलं: १९

पन्नासातले शब्दांनी खाल्लेले फक्त सात. माझ्या दीड हजारांच्या यादीचा निकाल लागला.

"पदरचं घातलं" हे नाव मनूनंच दिलं. उताऱ्यात नसलेलं काहीतरी आपल्या मनातनं घालून उत्तर द्यायचं. आणि यात सगळ्यात पुढं कोणता विभाग? लीगल. ३० पैकी ९ बरोबर. वर्षानुवर्षं कोर्टात जाणाऱ्या पोरीला कायद्यातच सगळ्यांत कमी.

अंदाजांचा हिशेब वेगळा काढला. क्लासचे सर सांगतात, निगेटिव्ह आहे, अंदाज मारूच नका. गणित तसं सांगत नाही. चार पर्यायांत डोळे मिटून बोट ठेवलं तर चारात एकदा एक गुण मिळतो आणि तीनदा पाव-पाव जातो, म्हणजे चार प्रश्नांमागे पाव गुण शिल्लकच. दोन पर्याय खात्रीनं बाद झाले असतील तर तो अंदाज मारलाच पाहिजे. मनूचे १४ अंदाज होते, ३ बरोबर आले, ११ चुकले. गुणांत जवळपास शून्य. पण त्या १४ प्रश्नांवर तिनं अंदाजे पंचवीस मिनिटं घालवली होती. नुकसान गुणांचं नव्हतं, वेळेचं होतं.

नवा नियम: अंदाज मारायचा तर दहा सेकंदांत. दोन पर्याय बाद होत नसतील तर पुढं.

२६ जुलै, शुक्रवार

पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय. गावात वीज नाही, नेट नाही. दाजींचा नदीकाठचा ऊस पाण्यात. फोन लागला तेव्हा मनूला अभ्यासाचं विचारायची माझी हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, कंदिलावर जुन्या पेपरातले उतारे वाचतेय, प्रश्न न बघता.

१ ऑगस्ट, गुरुवार

गावात फटाके. स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ. कांबळवाडी मनूच्याच तालुक्यातली, त्यामुळे आज अभ्यास बंद आणि कुणी बोलायचं नाही.

आजच सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाला परवानगी दिली, सहा विरुद्ध एक. परीक्षेच्या दृष्टीनं ही बातमी मोठी. मनूला पाठवली. उत्तर आलं: "उद्या. आज मिरवणूक आहे."

४ ऑगस्ट, रविवार

मॉक नाही. शनिवारी रात्रीच्या गाडीनं आलो आणि दिवसभर एकच प्रश्न घेऊन बसलो. तो इथं पूर्ण लिहितो, कारण पुढचं सगळं यातून निघालं.

उताऱ्यातला नियम: कुणी आपल्या जमिनीवर अशी वस्तू आणून साठवली, जी निसटली तर दुसऱ्याचं नुकसान होईल, आणि ती निसटली, तर साठवणारा जबाबदार. त्यानं काळजी घेतली होती की नाही याला महत्त्व नाही. अपवाद: कुणालाच कल्पना करता येणार नाही असं नैसर्गिक संकट, त्रयस्थाचं कृत्य, किंवा ज्याचं नुकसान झालं त्याचीच संमती. (इंग्लंडमधल्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यातला हा नियम, १८६८ चा. तिथंही पाण्याचा साठाच फुटला होता.)

घटना: एका शेतकऱ्यानं इंजिनिअर लावून रीतसर शेततळं बांधलं. खेकड्यांनी बांध पोखरला, तळं फुटलं, शेजाऱ्याचा ऊस वाहून गेला. (खेकड्यांवर खापर फोडायची आपल्याकडे जुनी रीत आहे, ते असो.) शेतकरी जबाबदार का?

अ. नाही, कारण त्यानं पुरेशी काळजी घेतली होती.
ब. होय, कारण पाणी त्यानं साठवलं आणि ते निसटून नुकसान झालं.
क. नाही, कारण खेकडे हे नैसर्गिक संकट आहे.
ड. होय, कारण खेकड्यांची बिळं त्यानं वेळेवर बुजवायला हवी होती.

मनूनं आधी 'अ' दिलं होतं. "बिचाऱ्यानं इंजिनिअर लावलावता की. आणखी काय करायचं त्यानं?"

मी म्हटलं, नियम पुन्हा वाच. तिनं वाचला. "मग 'ड'."

आता 'होय' बरोबर आलं, पण कारण चुकलं. 'ड' म्हणतो शेतकऱ्यानं हयगय केली. नियम म्हणतो हयगय झाली की नाही हे विचारूच नका. बिळं बुजवायला हवी होती ही गोष्ट उताऱ्यात कुठंच नाही, मनूनं पदरची घातली, कारण गेल्या वर्षी त्यांच्याच गावात एकाचं तळं असं फुटलं होतं आणि सगळा गाव म्हणत होता, याला बिळं दिसली नाहीत व्हय?

अर्धा तास हुज्जत घातली. तिचं म्हणणं, हा अन्याय आहे. माझं म्हणणं, असेल, पण प्रश्न न्यायाचा नाहीच. मला ते नीट सांगता येईना. मग दाजी, जे आतापर्यंत सुपारी कातरत होते, ते म्हणाले, "मनू, आपला बांध कुठवर आहे हे अख्ख्या गावाला ठावं आहे का नाही?"

"आहे."

"मग तलाठी का मानंना?"

"उताऱ्यावर नाही म्हणून."

ती बोलली आणि थांबली. मीही थांबलो. सातबाऱ्याचा उतारा आणि हा इंग्रजी उतारा, शब्द तर एकच. गावाला काय ठाऊक आहे ते तलाठी विचारत नाही. त्याच्यासमोरच्या उताऱ्यात काय आहे तेवढंच तो बघतो. मनूनं पेन घेऊन माळ्याच्या दारावर लिहिलं: उताऱ्यात आहे तेवढंच.

पुण्याच्या परतीच्या गाडीत मला वाटत राहिलं, इतके आठवडे दीड हजार शब्द मी कशासाठी पाठ करून घेत होतो? भिंतीवरच्या चिठ्ठ्या काढायला सांगितल्या.

१८ ऑगस्ट, रविवार

सोडवले ८२, बरोबर ५२, चूक ३०. गुण ४४.५०. लीगलमध्ये १७ बरोबर.

आता प्रत्येक लीगल उत्तराशेजारी ती पेन्सिलीनं उताऱ्यातल्या ओळीचा आकडा लिहिते. आकडा सापडत नसेल तर उत्तर द्यायचं नाही. सुरुवातीला यात वेळ जातो. जाऊ दे.

८ सप्टेंबर, रविवार

गणपतीला गावी. वकीलसाहेब दर्शनाला आले होते. मनूनं त्यांना शेततळ्याचा प्रश्न घातला. त्यांनी मोदक खाली ठेवला आणि म्हणाले, आपल्याकडे प्रत्यक्षात ही केस अशी लागेलच असं नाही. १८७४ सालचा मद्रास रेल्वे विरुद्ध कार्वेटीनगरचा जमीनदार असा खटला आहे, प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा. जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचं नुकसान झालं, तरी त्याला जबाबदार धरलं नाही. या देशात शेतीसाठी तलाव राखणं हे जमीनदाराचं कर्तव्यच, असा त्याचा रोख.

मी मनूकडे बघितलं. वाटलं, आता हिचं सगळं विस्कटणार.

"पण काका, ते उताऱ्यात नाही," ती म्हणाली.

वकीलसाहेब हसले. वर असंही सांगून गेले की सातबारा हा काही मालकीचा पुरावा नव्हे. दाजींचा चेहरा पडला. अकरा वर्षं हे त्यांना कुणी एवढ्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नव्हतं बहुतेक.

१५ सप्टेंबर, रविवार

सोडवले ९०, बरोबर ५९, चूक ३१. गुण ५१.२५. वाचनाचा वेग मिनिटाला १२५.

वेग कशानं वाढला ते सांगता येतं. आधी ती प्रत्येक वाक्याचं मनात मराठी करायची. आता पहिल्या वाचनात मराठी करायचंच नाही. प्रत्येक परिच्छेदाला समासात एक शब्द, मराठीत चालेल: नियम, अपवाद, उदाहरण, तक्रार. मग प्रश्न वाचायचे आणि त्या परिच्छेदात परत जायचं.

२९ सप्टेंबर, रविवार

सोडवले ९७, बरोबर ५५, चूक ४२. गुण ४४.५०. ऑगस्टच्या जागी परत.

मनू रडली. ताईनं मला फोन करून झापलं, जणू पेपर मी काढला होता.

हिशेब काढला. लीगल शाबूत, ३० पैकी २०. पडझड सगळी लॉजिकलमध्ये. आमच्या धंद्यात याला रिग्रेशन म्हणतात: एक बग मिटवला आणि त्या दुरुस्तीनंच दुसरीकडे भोक पाडलं. उदाहरण: "गावात दवाखाना सुरू झाल्यापासून नोंदवलेले रुग्ण दुप्पट झाले, म्हणजे रोगराई वाढली. हा निष्कर्ष काय गृहीत धरतो?" बरोबर उत्तर: आधीही सगळे आजारी लोक नोंदवले जात होते. मनूनं ते बाद केलं, कारण ते उताऱ्यात नाही. अर्थातच नाही! गृहीतक म्हणजे जे लिहिलेलं नाही पण ज्यावाचून वरचं उभं राहत नाही, ते.

आमचा नियम दारावर लिहिण्याइतका चांगला होता, पण सगळ्या दारांवर नाही. तासभर समजावून मी थकलो. शेवटी तिचं तिनंच जमवलं: "म्हणजे फेरफार. उताऱ्यावर फक्त नोंदीचा आकडा असतो, पण मागं फेरफार असल्याशिवाय तो आकडा येतच नाही."

मला फेरफार म्हणजे काय ते दाजींना विचारावं लागलं: जमिनीच्या हक्कात बदल झाला की तलाठ्याकडे होणारी नोंद.

(बेचाळीस चुकांतल्या तीन आमच्या नव्हत्याच. क्लासनं दिलेली उत्तरतालिका चुकीची होती. कळवलं, उत्तर नाही. गुण मात्र तालिकेप्रमाणेच धरले. आता मॉकपेक्षा मागच्या वर्षांच्या मूळ प्रश्नपत्रिकांवर जास्त भर.)

३ ऑक्टोबर, गुरुवार

घटस्थापना. संध्याकाळी बातमी: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. सोबत पाली, प्राकृत, आसामी आणि बंगाली.

मनूला सरावासाठी इंग्रजीत विचारलं, या वर्षी कोणत्या भाषांना क्लासिकल दर्जा मिळाला? ती गोंधळली. अभिजात तिला पक्कं ठाऊक होतं, क्लासिकल म्हणजे तेच हे ठाऊक नव्हतं. ती रोज मराठी पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते, तरी चालू घडामोडीत मार का खाते याचा उलगडा आज झाला. बातमी माहीत असते, तिचं इंग्रजी नाव माहीत नसतं.

नवी वही, दोन रकाने. अभिजात – क्लासिकल. उपवर्गीकरण – सब-क्लासिफिकेशन. घटनापीठ – कॉन्स्टिट्यूशन बेंच. अध्यादेश – ऑर्डिनन्स. खंडपीठ तिला सांगावं लागलं नाही. कोल्हापुरात सर्किट बेंच हवं म्हणून वकिलांची आंदोलनं बघत वाढलेलं पोर आहे.

म्हणजे शब्दांची यादी शेवटी लागलीच. पण ही दीडशेची आहे, आणि तिची तिनं केलेली.

१३ ऑक्टोबर, रविवार

गणित. आतापर्यंत मी या विभागाकडे दुर्लक्ष केलं, कारण मनू तो शेवटी ठेवायची आणि तिथवर पोचायचीच नाही. टक्केवारी, गुणोत्तर, तक्ते, सगळं दहावीपर्यंतचं. तिला भीती आकड्यांची नाही, इंग्रजीत लिहिलेल्या आकड्यांची.

दाजींनी येत्या हंगामाचा एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) सांगितला: १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये, वर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.३२ रुपये. उतारा १२ टक्के लागला तर टनाला किती? मनूनं अर्ध्या मिनिटात सांगितलं: फरक १.७५, म्हणजे साडेसतरा वेळा ३.३२, म्हणजे ५८.१०, क्विंटलला ३९८.१०, टनाला ३९८१. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय राहतं ते दाजींनी सांगितलं, ते परीक्षेत विचारत नाहीत.

तिसरा उतारा. या घरात सगळं उताऱ्यावरच चालतं.

पुढच्या मॉकपासून गणित लॉजिकलच्या आधी.

२० ऑक्टोबर, रविवार

सोडवले ९८, बरोबर ६९, चूक २९. गुण ६१.७५. गणितात १२ पैकी ८.

आज पहिल्यांदा ओएमआरची, म्हणजे गोल भरायच्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स देऊन बसवलं. इतके दिवस ती वहीत बरोबरची खूण करत होती. गोल बॉलपेननं पूर्ण काळा करायला एकेकाला चार-पाच सेकंद, म्हणजे सात-आठ मिनिटं नुसत्या रंगकामात. वर एक गोल चुकीच्या रांगेत गेला आणि पुढचे सात घसरले. उतारा संपला की त्या उताऱ्याचे गोल एकदम भरायचे, असं ठरलं. एवढी साधी गोष्ट चार महिने सुचली नाही, याला मामा जबाबदार, काळजी घेतली असो वा नसो.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल: प्रत्येक खासगी मालमत्ता ही कलम ३९(ब) मधली "समाजाची भौतिक साधनसंपत्ती" होत नाही. मूळ प्रकरण मुंबईचं, म्हाडा कायद्याखालच्या उपकरप्राप्त इमारतींचं, १९९२ पासून प्रलंबित. दाजींना हे ऐकून फार बरं वाटलं. "बत्तीस वर्षं? मग आपली अजून पोरवयात आहे."

१० नोव्हेंबर, रविवार

सोडवले १०१, बरोबर ७६, चूक २५. गुण ६९.७५. वेग १५०, म्हणजे वाचनाला तासभर.

चुकांचे प्रकार: पदरचं ४, कारण चुकीचं ५, गृहीतक ३, अंदाज ९, शब्द ४.

२४ नोव्हेंबर, रविवार

सोडवले १०३, बरोबर ८१, चूक २२. गुण ७५.५०. शेवटची मॉक. मनूला आणखी दोन द्यायच्या होत्या, मी नको म्हटलं. काल विधानसभेचा निकाल लागला, गावात रात्री उशिरापर्यंत डीजे, ती दोन तास झोपून पेपरला बसली होती. तरी ७५. आता आठवडाभर फक्त चुकांची वही.

३० नोव्हेंबर, शनिवार

तिघंही स्वारगेटला उतरले. ताईनं चार दिवसांच्या भाकऱ्या आणि ठेच्याची बरणी आणलीय, पुण्यात अन्न मिळत नाही असा तिचा समज आहे. संध्याकाळी केंद्र बघून आलो. प्रवेशपत्राच्या दोन प्रती, पाण्याची पारदर्शक बाटली, तीन बॉलपेन.

रात्री मनू चुकांची वही वाचत होती. पहिल्या पानावर २९.२५ आहे, ते तिनं पेनानं गोल केलंय.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी अकराला वरणभात. मटणाचा विषय दाजींनीही काढला नाही.

दोन तास आम्ही गेटसमोरच्या फुटपाथवर. आजूबाजूचे पालक कुठल्या क्लासला किती लाख भरले ते एकमेकांना सांगत होते. एकानं दाजींना विचारलं, तुमची मुलगी कुठल्या क्लासला? दाजी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांच्या."

चार वाजून दहा मिनिटांनी मनू बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. ताईनं विचारलं, कसा गेला? दाजींनी विचारलं, किती सोडवले?

"एकशे चार. सोळा सोडले." मग माझ्याकडे बघून, "सोडताना जड नाही गेलं, मामा."

२ डिसेंबर, सोमवार

तात्पुरती उत्तरतालिका आली. मी ऑफिसात, ती घरी प्रश्नपत्रिका घेऊन. फोनवर मोजणी. बरोबर ८४, चूक २०. गुण ७९. दोन प्रश्नांना तिनं प्रश्नपत्रिकेत एक उत्तर लिहिलं आणि गोल दुसराच भरला असावा असं तिला वाटतंय, त्यामुळे एक-दोन गुण इकडेतिकडे.

चुकीच्या वीसांची कारणं तिला विचारायला लागलो तर म्हणाली, आता कशाला? तरी सवयीनं सांगितली. पदरचं: दोन.

रात्रीच्या गाडीनं तिघं परत गेले. वहीची बत्तीस पानं कोरी उरलीत. फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा, ती पानं राज्यशास्त्राला लागणार आहेत. माळ्याच्या दारावरचं मात्र ताईला पुसायला मनूनं मनाई केलीय.